विषय क्रमांक एक : मागील सभेचे इतिवृत्त

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात महानगरपालिका एकच आहे. पैठण, वैजापूर, गंगापूर, कन्नड, सिल्लोड आणि खुलताबाद या गावांचा कारभार नगरपरिषदा पाहतात, तर फुलंब्री आणि सोयगाव येथे नगरपंचायती आहेत. खुद्द संभाजीनगरलाही, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादला, ८ डिसेंबर १९८२ रोजी महानगरपालिका स्थापन होईपर्यंत नगरपरिषदच होती. कागदोपत्री नाव नगरपरिषद असले, तरी लोकांच्या तोंडी अजून नगरपालिकाच आहे. जन्माचा दाखला हवा असो, नळाला पाणी नसो की गल्लीतला दिवा गेलेला असो, माणूस 'नगरपालिकेत जाऊन येतो' असेच म्हणतो.

हा सगळा कारभार १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियमाने चालतो. त्याआधी मराठवाड्याला हैदराबाद राज्याचा कायदा, विदर्भाला मध्य प्रांत-वऱ्हाडचा आणि पश्चिम महाराष्ट्राला मुंबई इलाख्याचा, अशी तीन तऱ्हांची व्यवस्था होती. १९६५ च्या कायद्याने ती एका छत्राखाली आणली. नगरपरिषदांचे वर्ग लोकसंख्येवरून ठरतात. एक लाखाच्या पुढे 'अ', चाळीस हजार ते एक लाख 'ब' आणि त्याखाली 'क'. २०११ च्या जनगणनेत पैठणची लोकसंख्या ४१ हजारांच्या थोडी वर भरली, म्हणजे 'ब' वर्गाची रेषा जेमतेम ओलांडली गेली. खुलताबाद सोळा हजारांच्याही आत राहिले. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे अनुदानाचे बरेचसे हिशेब अजून त्याच जुन्या आकड्यांवर मांडले जातात. नळजोडण्या आणि घरे मात्र तेव्हापासून वाढतच आहेत.

नगरपरिषदेला दोन अंगे असतात. एक निवडून आलेले आणि दुसरे नेमलेले. निवडून आलेल्यांमध्ये नगराध्यक्ष आणि नगरसेवक येतात. 'क' वर्गात किमान २० आणि 'ब' वर्गात किमान २५ सदस्य असतात, आणि २०११ पासून निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. प्रभागातून साधारण दोन सदस्य निवडले जातात आणि नगराध्यक्षाची निवड थेट मतदारांकडून होते. म्हणून नगरपरिषदेच्या निवडणुकीत एकाच मतदाराला तीन बटणे दाबावी लागतात, आणि मतदान केंद्रावरचा निम्मा गोंधळ या तिसऱ्या बटणाचा असतो. नगराध्यक्ष थेट निवडावा की नगरसेवकांतून, यावर राज्याने इतक्या वेळा मत बदलले आहे की तो एक स्वतंत्र इतिहासच व्हावा. २००१ मध्ये थेट निवड झाली, पुढे ती बंद झाली, २०१६ मध्ये परत आली, २०२० मध्ये पुन्हा गेली आणि २०२२ मध्ये पुन्हा आणली गेली. थेट निवडीत एक पेच हमखास उभा राहतो. नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचे, अशी स्थिती आली की वर्षभर विषय लोंबकळत राहतात.

नेमलेल्या अंगाचा प्रमुख मुख्याधिकारी असतो. तो राज्य शासनाचा अधिकारी. त्याची नेमणूक आणि बदली शासन करते आणि गावाशी त्याचे नाते काही वर्षांपुरते असते. त्याच्या हाताखाली कर, लेखा, नगररचना, पाणीपुरवठा, आरोग्य आणि आस्थापना असे विभाग येतात. लेखापाल, कर अधिकारी, अभियंता ही पदेही आता राज्यस्तरीय संवर्गात गेली आहेत. जुना लिपिक, व्हॉल्व्हमन आणि मुकादम हे मात्र गावचे. कोणती पाइपलाइन कोणत्या वाड्याखालून गेली आहे, हे पुष्कळदा नकाशापेक्षा त्यांना अधिक ठाऊक असते.

दिवस उजाडण्याआधीच कामाला सुरुवात होते ती पाण्याने. जलकुंभ भरला की व्हॉल्व्हमन ठरलेल्या क्रमाने एकेका भागाचा व्हॉल्व्ह उघडतो. पाण्यात ब्लिचिंग पावडर किंवा क्लोरीन सोडायचे, नळाच्या टोकाला ते पोचले का हे ओटी चाचणीने पाहायचे आणि नोंदवहीत लिहायचे, अशी पद्धत आहे. रात्री वीज गेली तर टाकी भरत नाही, टाकी भरली नाही तर क्रम चुकतो आणि क्रम चुकला की सकाळी पहिला फोन नगरसेवकाला जातो. भुयारी गटार नसलेल्या गावासाठी माणशी दररोज ७० लिटर आणि ती असलेल्या गावासाठी १३५ लिटर पाणी हे केंद्राच्या पाणीपुरवठा संहितेतले जुने माप आहे. पैठणच्या उशाला जायकवाडीचा नाथसागर आहे. लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १९६५ मध्ये धरणाची कोनशिला बसली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी त्याचे लोकार्पण केले. संभाजीनगर शहराचे पाणीही तिथूनच येते. पण धरण शेजारी असणे आणि नळाला पाणी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधे पंप, जलशुद्धीकरण केंद्र, टाक्या, वितरणवाहिन्या आणि विजेचे बिल असते, आणि पाणीपुरवठ्याचा मोठा खर्च याच विजेवर होतो.

पाण्यापाठोपाठ सफाई. मुकादम हजेरी घेतो, झाडूवाले आपापल्या आळीत जातात आणि घंटागाडी फिरू लागते. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा देणे बंधनकारक केले. गाडीला वेगवेगळे कप्पे आले, पण घरातली बादली अजून बऱ्याच ठिकाणी एकच आहे. कचरा टाकायचा कुठे, हा प्रश्न लहान गावात आज सुटल्यासारखा वाटतो, पण तो लांबणीवर पडलेला असतो एवढेच. संभाजीनगर शहराने त्याचा अनुभव २०१८ मध्ये घेतला. त्या वर्षी फेब्रुवारीत नारेगावच्या ग्रामस्थांनी डेपोवर येणाऱ्या गाड्या रोखल्या, शहरात कचऱ्याचे ढीग साचले आणि मार्चमध्ये मिटमिट्याला हिंसाचार झाला. नगरपरिषदांच्या डेपोंभोवतीही वस्ती हळूहळू येऊन टेकतेच आहे.

कार्यालय उघडले की आवक-जावक विभागापुढे माणसे उभी राहतात. सर्वाधिक वर्दळ जन्म-मृत्यू नोंदणीला असते. १९६९ च्या कायद्यानुसार घटनेपासून २१ दिवसांत नोंद करायची असते. त्यानंतर तिसाव्या दिवसापर्यंत विलंब शुल्क लागते, त्यापुढे वर्षभरात नोंद करायची तर वरिष्ठाची परवानगी लागते आणि वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याचा आदेश आणावा लागतो. आजोबांच्या मृत्यूची नोंद राहून गेली आणि वारसाच्या वेळी ती आठवली, असे प्रकरण प्रत्येक नगरपरिषदेत महिन्याला एखादे तरी येते. दुसऱ्या खिडकीवर मालमत्ता कराचा उतारा, नाव हस्तांतरण आणि थकबाकी नसल्याचा दाखला असे विषय चालतात. तिसरीकडे बांधकाम परवाना मिळतो. २०२० च्या डिसेंबरात राज्यातल्या बहुतेक शहरांना एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली, त्यामुळे पैठणच्या घराला किती सामासिक अंतर सोडावे हे आता राज्यभर चालणाऱ्या पुस्तकात पाहावे लागते. जुन्या पेठेतल्या बारा फुटी बोळात ते पुस्तक कसे बसवायचे, हा मात्र नगररचना विभागाचा रोजचा व्यायाम.

१९६५ च्या कायद्याच्या ४९ व्या कलमात नगरपरिषदेची कर्तव्ये दिली आहेत. दिवाबत्ती, रस्त्यांची सफाई, आग विझवणे, पाणी, गटारे, स्मशान आणि कब्रस्तानाची जागा, कत्तलखाना, जन्म-मृत्यूची नोंद, प्राथमिक शिक्षण, रस्त्यांना नावे आणि घरांना क्रमांक देणे ही आवश्यक कामे झाली. उद्याने, वाचनालये, सभागृहे अशी ऐच्छिक कामे त्याखेरीज. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी १८ विषय दिले. विषयांबरोबर पैसा किती आला, हे पाहिले की कारभाराचे खरे रूप कळते.

स्वतःचे उत्पन्न म्हणजे मुख्यतः घरपट्टी आणि पाणीपट्टी. घरपट्टीची यादी दर चार वर्षांनी नव्याने करायची असते. तिला कार्यालयात 'चतुर्थ वार्षिक आकारणी' म्हणतात. आकारणीच्या नोटिसा घरोघरी गेल्या की हरकतींचा पाऊस पडतो आणि सुनावण्या चालतात. ज्या नगरसेवकांनी सभेत उत्पन्नवाढीची मागणी केलेली असते, तेच आपल्या प्रभागातल्या लोकांबरोबर कर कमी करून मागायला येतात. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती चढते. घरपट्टीच्या बिलावर शिक्षण कर, रोजगार हमी कर आणि वृक्षकरही असतात. यातले शिक्षण आणि रोजगार हमीचे पैसे शासनाचे, नगरपरिषद ते नुसते गोळा करून देते, बोलणी मात्र तीच खाते. व्यापारी संकुलातल्या गाळ्यांचे भाडे, आठवडी बाजाराची फी आणि बांधकाम परवानगीचे विकास शुल्क ही आणखी काही दारे. जकात हे एकेकाळचे मोठे दार १९९९ मध्ये नगरपरिषदांसाठी बंद झाले. त्या बदल्यात शासन सहायक अनुदान देते आणि कर्मचाऱ्यांचे पगार मुख्यतः त्यावर निघतात. अनुदान लांबले की पगार लांबतो, आणि पगार लांबला की झाडू थांबतो.

रस्ते, गटारे, सभागृहे या मोठ्या कामांसाठी लागणारा पैसा वरून येतो. वित्त आयोगाचा निधी, नगरोत्थान, वैशिष्ट्यपूर्ण कामे, वस्ती सुधारणेच्या योजना असे त्याचे मार्ग आहेत. प्रत्येक निधीवर शिक्का असतो. पंधराव्या वित्त आयोगाने मोठी महानगरे सोडून उरलेल्या शहरांसाठी ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेलाच बांधून दिली. गावाला खरी गरज स्मशानशेडची असेल, पण हाती आलेल्या पैशावर 'गटार' लिहिलेले असेल, तर गटारच होते. नगरपरिषदेचा प्राधान्यक्रम गावापेक्षा योजनेच्या नावावरून ठरतो, हा या व्यवस्थेतला मूळ दोष आहे. अर्थसंकल्पात दिव्यांग, महिला व बालकल्याण आणि दुर्बल घटक यांच्यासाठी प्रत्येकी पाच टक्के राखावे लागतात. बहुतेक अर्थसंकल्प काही हजारांचे 'शिलकी' असतात. ही शिलक लेखापालाच्या कौशल्याची असते. गावाच्या सुबत्तेशी तिचा फार संबंध नसतो.

आता सभा. सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून एकदा व्हायला हवी. तिची नोटीस पूर्ण सात दिवस आधी आणि विशेष सभेची तीन दिवस आधी द्यावी लागते. शिपाई नोटीसवही घेऊन नगरसेवकांच्या घरी फिरतो आणि सही घेतो. पुढे सभाच बेकायदा ठरवायची झाली, तर पहिली झडती याच वहीची होते. विषयपत्रिकेवर विषय क्रमांक एक ठरलेला असतो. 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.' नवख्या माणसाला हा उपचार वाटतो, आणि तो नेमका इथेच फसतो. सभेत काय बोलले गेले याला नंतर फारशी किंमत नसते, इतिवृत्तात काय उतरले यालाच असते. 'रस्ता करावा' आणि 'निधी उपलब्धतेनुसार रस्ता करावा' या दोन ओळींत काही वर्षांचे अंतर असू शकते. म्हणून जाणते सदस्य पहिल्याच विषयाला उभे राहतात. आपला विरोध नोंदवला का, सूचक आणि अनुमोदक म्हणून कोणाची नावे घातली, ऐनवेळचे म्हणून किती विषय मागाहून शिरले, हे तपासतात. सभा तापते ती बहुतेक वेळा इथे.

पुढचे विषय बहुधा झपाट्याने जातात. लिपिक विषय वाचतो, सूचक सुचवतो, अनुमोदक अनुमोदन देतो आणि 'सर्वानुमते मंजूर' लिहिले जाते. तीस-पस्तीस विषय तासाभरात संपल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात, आणि त्यावर टीकाही होते. टीका रास्त आहे, पण अपुरी आहे. खरी चर्चा आधीच गटनेत्यांच्या बैठकीत किंवा नगराध्यक्षांच्या दालनात झालेली असते, आणि दोष तिथे आहे, कारण तिथे इतिवृत्त लिहिले जात नाही. मत घेण्याची वेळ आली तर हात वर होतात, आणि मते समसमान झाली तर अध्यक्षाचे निर्णायक मत चालते.

मंजूर झालेला ठरावही सुरक्षित नसतो. कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी तो स्थगित करू शकतात. विरोधी गटाने सभा संपताच 'तीनशेआठ खाली' अर्ज टाकला, हे वाक्य नगरपरिषदेच्या आवारात नेहमी ऐकू येते. ठराव टिकला की कामाची नस्ती तयार होते. अभियंता अंदाजपत्रक करतो, त्याला तांत्रिक मान्यता लागते, मग प्रशासकीय मान्यता, ठरावीक रकमेपुढे ई-निविदा, निविदा उघडल्यावर दर मंजुरी आणि शेवटी कार्यारंभ आदेश. निविदेची कटकट टाळण्यासाठी एका रस्त्याचे तीन तुकडे पाडणे ही जुनी युक्ती आहे आणि लेखापरीक्षणात पकडली जाणारीही तीच. काम झाल्यावर अभियंता मोजमाप पुस्तिकेत लांबी, रुंदी, जाडी लिहितो आणि त्यावर देयक निघते. रस्ता खरोखर किती इंच जाडीचा झाला हे पाऊस सांगतो, तोवर हिशेबाला पुस्तिकेतलीच जाडी खरी. कंत्राटदाराची सुरक्षा ठेव काही काळ अडकवून ठेवतात ती त्यासाठीच, पण दोष निवारणाची मुदत कधी संपते याची विचारणा करायला सहसा कोणी येत नाही. मधेच एखाद्या निवडणुकीची आचारसंहिता लागली तर सगळी नस्ती कपाटात जाते.

वर्षातले काही दिवस या चाकोरीबाहेरचे असतात. खुलताबादला भद्रा मारुतीच्या हनुमान जयंतीला आणि जर जरी जर बक्ष यांच्या उरुसाला गावाच्या लोकसंख्येच्या कित्येक पट माणसे येतात. पैठणला फाल्गुन वद्य षष्ठीला नाथषष्ठीची यात्रा भरते. एकनाथ महाराजांनी १५९९ मध्ये याच तिथीला देह ठेवला. शेकडो दिंड्या आणि लाखो वारकरी गोदाकाठी उतरतात, अष्टमीला काल्याची दहीहंडी फुटते आणि या तीन दिवसांत चाळीस हजारांच्या गावासाठी बेतलेली पाण्याची टाकी, शौचालये आणि झाडू यांची परीक्षा होते. नगरपरिषदेची तयारी महिनाभर आधी चालू होते. दिंड्यांच्या राहुट्यांची जागा, दुकानांचे गाळे आणि त्यांची फी, टँकर, फिरती शौचालये, वाळवंटातले दिवे, औषधफवारणी, स्नानासाठी धरणातून पाणी सोडण्याचे पत्र. नाथषष्ठीच्या वर्षानुवर्षांच्या नस्त्या एकापुढे एक ठेवल्या तर मजकूर बराचसा तोच निघेल, आकडे तेवढे वाढत गेलेले दिसतील. यात्रा पांगल्यावर कचरा उचलायला आणखी काही दिवस लागतात, आणि त्या दिवसांची बातमी होत नाही.

पावसाळ्याची तयारी वेगळी. नालेसफाई, मोडकळीस आलेल्या घरांना नोटिसा आणि नदीकाठच्या वस्तीला सूचना ही कामे मे महिन्यात उरकायची असतात. २००६ च्या ऑगस्टमध्ये जायकवाडीतून अडीच लाख क्युसेकच्या आसपास विसर्ग झाला आणि पैठणच्या सखल भागांत पाणी शिरले. अशा वेळी सभेची सात दिवसांची नोटीस काढत बसता येत नाही. कायद्याच्या ५८ व्या कलमात नगराध्यक्षाला तातडीचे अधिकार आहेत ते यासाठी. गंमत अशी, की पुरासाठी असलेले हे कलम कोरड्या दिवसांतही बरेच वापरले जाते आणि त्यावरचे वादही सभागृहात रंगतात.

सभा, नोटीस, इतिवृत्त हे सगळे अलीकडे काही वर्षे नुसते कागदावर उरले होते. पैठण, गंगापूर, कन्नड, खुलताबाद येथे २०१६ च्या डिसेंबरात निवडणूक झाली होती. पाच वर्षांची मुदत संपली तेव्हा नवी निवडणूक इतर मागासवर्गाच्या आरक्षणाच्या वादात अडकली. सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च २०२१ च्या निकालानंतर आधी आरक्षणासाठी आयोग, मग त्याचा बांठिया अहवाल, मग प्रभागरचना असे करत राज्यभरच्या नगरपरिषदा प्रशासकांच्या हाती गेल्या. प्रशासकच विषय मांडायचा आणि प्रशासकच ठराव मंजूर करायचा. नळाला पाणी येत राहिले, दाखले मिळत राहिले, कामेही झाली. पण गल्लीत गटार तुंबले तर दार कोणाचे ठोठवायचे, याचे उत्तर लोकांकडे नव्हते. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला. २ डिसेंबरला मतदान झाले, काही ठिकाणी ते २० डिसेंबरवर गेले आणि २१ डिसेंबर २०२५ रोजी मतमोजणी झाली. त्यानंतर सभागृहांत पुन्हा माणसे बसू लागली.

नगरपरिषदेची सभा, खास कारण नोंदवून ती बंद ठेवली नसेल तर, नागरिकांसाठी खुली असते. इतिवृत्ताची, मोजमाप पुस्तिकेची किंवा देयकाची प्रत माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर आणि पानाला दोन रुपये भरून मिळते. हे दोन्ही हक्क फार थोडे लोक वापरतात. आपल्या गल्लीचा रस्ता कोणत्या ठरावाने मंजूर झाला, हे ज्याला जाणून घ्यायचे आहे त्याने पुढच्या सभेला मागच्या बाकावर जाऊन बसावे, आणि वेळेवर जावे, कारण इतिवृत्ताचा विषय पहिलाच असतो.